‘ट’च्या डोक्यावरचा तोय

अरबीत ‘प’ नाही. ‘च’ नाही, ‘ट’ नाही, आणि लिहिताना ‘ग’चीही पंचाईत. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, अल-खोबरजवळच्या एका विद्यापीठात मी सत्तावीस वर्षं परदेशी प्राध्यापकांचे कागद सांभाळले. त्यातली निम्मी वर्षं तरी या नसलेल्या अक्षरांची भरपाई करण्यात गेली. चिपळूणकर नावाचे एक सर होते, त्यांचे ‘शिब्लूनकार’ झाले. गोगट्यांचे ‘जोजती’ झाले. ते माझ्या टेबलाशी येऊन तावातावाने म्हणाले, “परकार, हा जोजती कोण?” मी म्हटलं, “सर, विमानात तुम्हालाच बसवतात ना? मग झालं!” ते हसले नाहीत. नावाच्या बाबतीत माणूस हळवा असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी इस्माईल परकार, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. सातवीपर्यंत उर्दू शाळा, पुढे मराठी हायस्कूल, मग टायपिंगच्या परीक्षा. उर्दू शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मला दोनदा मिळालं होतं. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ त्या बक्षिसात आहे, म्हणून सांगतो.

आमचं काम काय, ते आधी सांगायला हवं. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. कफील म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तो मिळतो तो मालक. आमच्या प्राध्यापकांचा कफील विद्यापीठ. नोकरी संपली की कफील संपला, कफील संपला की इकामा संपला. बायकोचा इकामा नवऱ्याच्या इकाम्याला लटकलेला, मुलांचा त्याच्याखाली. घराचा करार, गाडी, शाळा, दवाखाना, सगळं त्या एका कार्डावर. कार्डाची तारीख उलटली की दवाखान्यातला संगणकसुद्धा तुम्हाला ओळखत नाही. वीस वर्षं शिकवलेल्या माणसालाही दरवर्षी करार वाढेपर्यंत घशाखाली घास उतरत नसे.

त्यात सौदीकरण आलं. जी कामं देशातल्या लोकांना येतात ती त्यांनाच द्यायची, असा नियम. नियम म्हणून चुकीचा नव्हता. त्यांच्याच देशात त्यांच्या पोरांनी घरी बसायचं आणि आम्ही खुर्च्या अडवायच्या, हे किती दिवस चालणार? पण दर वर्षी दुसऱ्या सहामाहीत कोणाचा करार वाढणार नाही याची यादी निघू लागली, आणि माझ्या टेबलाभोवती माणसं विनाकारण घुटमळू लागली. कोणी पेन मागायला येई, कोणी माझ्या मुलांची चौकशी करी. मग खाकरून विचारत, “परकारभाई, यादी आली का हो?” यादी माझ्या हातात नसे. मला ती त्यांच्याच बरोबर कळे. पण कोणाचा विश्वास बसत नसे.

मीही त्याच यादीत कधीतरी जाणार होतो. कर्मचारी विभागातली कारकुनी हे सगळ्यांत आधी सौदी होणारं काम. माझ्या जागेवर फहद नावाचा एक गृहस्थ आला. हुफूफ शहरचा, तीस-बत्तीसचा, दोन मुलींचा बाप, शांत. सहा महिने तो शिकाऊ, मी शिकवणारा, आणि तो तयार झाला की मी घरी, असा सरळ हिशेब होता. तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा आणि घरच्या खजुराचा डबा माझ्या टेबलावर ठेवायचा. आपल्याला काढून आपल्या जागी येणाऱ्या माणसाचा राग यावा, तर हा खजूर घेऊन येई. मला धड रागावताही येत नव्हतं.

याच सुमाराला एक नवी गोष्ट आली, कायमचा इकामा. कफीलाशिवायचा. निवडक परदेशी माणसांसाठी विद्यापीठ शिफारस करणार, आणि वरून मंजूर झाली की त्या माणसाला नोकरी असो नसो, तिथे राहता येणार. आमच्या लोकांना आधी ही थट्टाच वाटली. शिफारशीला एक अट होती. माणूस नोकरीत असेपर्यंतच ती समितीपुढे गेली पाहिजे. करार संपला की संपलं.

त्या वर्षीच्या यादीत डॉक्टर सुनंदा पाटील यांचं नाव निघालं.

या मूळच्या इस्लामपूरच्या. मुलींच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. शिकवून शिकवून त्यांनी ज्या विद्यार्थिनी तयार केल्या, त्यांतलीच एक आता त्यांच्या जागी येणार होती. त्या म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे, परकारभाई. मीच घडवलीय, तक्रार कुठल्या तोंडानं करू?” त्यांचे यजमान विश्वासराव बायकोच्या इकाम्यावर होते. मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा विद्यापीठाच्या इस्पितळात डायलिसिस, आणि हृदय इतकं अशक्त की डॉक्टरांनी निदान वर्षभर विमानात बसायला मनाई केली होती. म्हणजे करार संपला की इथे राहता येणार नाही, आणि गावी जाताही येणार नाही.

विश्वासराव मात्र मजेत असायचे. त्यांच्या कार्डावर माझ्याच हातचं अरबी नाव होतं, ‘बातील’. ते म्हणायचे, “आमच्या सात पिढ्यांची पाटीलकी तुमच्या अरबीनं बुडवली की हो, परकार!” दोघंही मला घरच्यासारखे. दर दिवाळीनंतर डॉक्टरबाई गावाहून मागवलेले दिवाळी अंक मला वाचायला द्यायच्या, आणि मी ते परत करायला हमखास उशीर करायचो.

विभागप्रमुखांनी त्यांची शिफारस लगेच दिली. बाईंचं काम सगळ्यांना माहीत होतं. मी फाइल बांधली. पंचवीस कागद, सगळे शिक्के. आता फक्त कव्हरवर लेबल लावून अभिलेख विभागात पाठवायची होती. तिथून नोंद होऊन ती समितीकडे जाते. याला आमच्या भाषेत ‘फाइल वर गेली’ म्हणत. समिती महिनाभराने बसणार होती, आणि त्यानंतर दहा दिवसांनी बाईंचा करार संपणार होता. दुसरी बैठक मध्ये नव्हती.

फाइल गेली आणि नाहीशी झाली.

पहिल्या आठवड्यात मी निर्धास्त होतो. दुसऱ्या आठवड्यात समितीच्या कचेरीत सहज चौकशी केली, तर त्यांच्या यादीत नाव नाही. अजून नोंद व्हायची असेल, म्हटलं. तिसऱ्या आठवड्यातही नाही. फहदला संगणकावर बघायला लावलं. ‘पाटील’ कुठेच नाही. बाईंचा रोज फोन येई, बहुतेक इस्पितळातून. मागे यंत्राचा बारीक टूंटूं आवाज.

“परकारभाई, काही कळलं का?”

“फाइल वर गेलीय, डॉक्टर. काळजी करू नका.”

“वर म्हणजे कुठं?”

“वर म्हणजे... वर.”

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. मला खरंच वाटत होतं की ती कुठेतरी वरच असणार. पण समितीला पाच दिवस उरले तेव्हा माझी झोप गेली. नव्याने फाइल करायची तर पंचवीस कागद पुन्हा, आणि त्यातले निम्मे शिक्के देणारे लोक सुट्टीवर. गावी बायकोला, झुबेदाला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “इतकी वर्षं दुसऱ्यांचं कागद जपलंव, आन् नेमका त्या आजारी मानसाचा हरवलाव?” तिने जखमेवर मीठच चोळलं, पण खोटं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तळघरात गेलो. अभिलेखाच्या खोलीत उस्मानचाचा बसायचे, सुदानचे, वयाने माझ्याहून मोठे. सगळ्या फाइलींचा हिशेब त्यांच्या डोक्यात.

मी म्हटलं, “चाचा, एक फाइल शोधतोय. डॉक्टर पाटील.” अरबीतच बोलत होतो, म्हणजे माझ्या तोंडून शब्द आला तो ‘बातील’.

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “बातिल?”

“बातील.”

“बातिल तर सगळ्या तिकडे,” त्यांनी हात केला.

भिंतीशी एक लोखंडी कपाट होतं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ‘बातिल’. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कोणी सांगायला नको. हक आणि बातिल, खरं आणि खोटं, आम्ही गिरवून गिरवून शिकलो. अरबी कचेरीत बातिल म्हणजे रद्द. ज्या अर्जांचं काही होणार नाही ते तिथे पडत, आणि महिनाअखेरीला गाडी येऊन ते यंत्रात चिरायला घेऊन जाई. महिनाअखेरीला चार दिवस होते.

मी दार उघडलं. खालून तिसरी फाइल. कव्हरवर ठसठशीत, टाइप केलेलं लेबल: ‘बातिल’. बाकीचं नाव खाली बारीक अक्षरात. उस्मानचाचांनी कव्हर वाचलं आणि फाइल जिथे जायला हवी तिथे टाकली. त्यांची काय चूक?

मी तिथेच जमिनीवर बसलो. चाचांना वाटलं मला चक्कर आली, ते पाणी घेऊन आले. फाइल सापडली याचा आनंद व्हायला हवा होता. पण ते लेबल बघून हे कसं घडलं ते मला त्या क्षणी समजलं होतं.

लेबलं टाइप करायचं काम फहदचं. नावं मी चिठ्ठीवर लिहून द्यायचो, हाताने. टाइप करून दिली असती तर? पण माझं अक्षर! बक्षीस मिळालेलं! ज्या दिवशी बाईंची चिठ्ठी लिहिली, त्या सकाळभर मी लाहोरच्या एका सरांचा उर्दू निकाहनामा उतरवून घेत होतो, आणि हात उर्दूत चालू होता. उर्दूत ‘ट’ लिहायचा तर ‘त’च्या डोक्यावर एक छोटंसं अक्षर काढतात, त्याला आम्ही तोय म्हणतो. मी ‘पाटील’ तसंच लिहिलं, उर्दूच्या वळणाने, झोकदार. अरबी माणसाला ‘ट’ ठाऊकच नाही. त्याला दिसतो तो डोक्यावरचा तोय, कारण ते त्यांचंही अक्षर आहे. ‘प’चा ‘ब’ तर नेहमीच होतो. राहता राहिला दीर्घ ‘ई’, त्याचे दोन ठिपके मी घाईत द्यायला विसरलो होतो. ‘ट’च्या जागी तोय धरून आणि ‘ई’ गाळून ते नाव वाचलं, की पाटीलचा बातिल होतो.

आणि आणखी एक आठवलं. चिठ्ठी घेऊन फहद माझ्याकडे आला होता. “उस्ताद, हे नाव असंच आहे?” मी जेवणाचा डबा उघडत होतो. वर न बघता म्हणालो, “असंच, असंच. यल्ला, चल पुढे!”

रद्दच्या नोंदवहीत चढलेली फाइल बाहेर काढायला संचालकांची सही लागते. फहदला घेऊन मी अबू सालेहकडे गेलो. हे आमचे संचालक, रागीट पण कामाचे. त्यांनी लेबल वाचलं, एकदा हसले, आणि मग हसू गिळून म्हणाले, “हे कोणी केलं?”

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण त्या एका श्वासात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! माझा करार महिन्याभरात संपत होता. चूक माझी म्हटलं की ‘खलास, उद्यापासून येऊ नकोस’. धाकट्याचं शिक्षण अर्ध्यावर होतं. मी जीभ उचलेपर्यंत शेजारून आवाज आला.

“माझी चूक आहे,” फहद म्हणाला. “लेबल मी टाइप केलं.”

हे खोटंही नव्हतं. मी तोंड मिटलं.

अबू सालेहनी सही केली. फहदला लेखी ताकीद मिळाली, आणि त्याचं शिकाऊपण सहा महिने वाढलं. तो शिकाऊ राहिला म्हणून त्याला शिकवायला मीही सहा महिने वाढलो. दुसऱ्या दिवशी खजुराचा डबा नेहमीच्या जागी होता. मला तो उघडवेना.

समिती बसली. बाईंची शिफारस झाली, करार संपायच्या दहा दिवस आधी. त्यापुढची खरी मंजुरी यायला आणखी काही महिने गेले. त्या काळात दर आठवड्याला एक नवीन कागद मागत. मी अक्षरशः हात धुऊन त्या फाइलीच्या मागे लागलो होतो. शनिवारी सुट्टीच्या दिवशीही जाऊन बसायचो. लोकांना वाटे, परकार गाववाल्या बाईसाठी जीव टाकतोय. माझं मलाच माहीत होतं मी काय फेडतोय ते. दोघांचं तिथलं राहणं आणि विश्वासरावांचं डायलिसिस तेवढ्या मुदतीत शिफारशीच्या पत्रावर चालू राहिलं. ते पत्र दर महिन्याला नवं करून मी स्वतः इस्पितळाच्या खिडकीत नेऊन देत असे.

आणि एक दिवस कार्ड आलं. कायमचं, कफीलाचा रकाना नसलेलं. मी सत्तावीस वर्षांत असलं कार्ड पाहिलं नव्हतं. बाई दोन्ही हातांत धरून ते बघत राहिल्या, मग पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाच्या पावडरीचे पेढे करून आणले. विश्वासराव चाकाच्या खुर्चीतून आले होते. म्हणाले, “परकार, आता पाटीलकी परत आली म्हणायची!” बाई म्हणाल्या, “तुम्ही होता म्हणून झालं. तुमचे उपकार कसे फेडू?” मी एक पेढा तोंडात टाकला. फहद पलीकडे संगणकावर मान खाली घालून बसला होता. मराठी त्याला येत नव्हती, पण काय चाललंय हे कळायला मराठी लागत नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझा शेवटचा दिवस. माझी कायमची परतीची फाइल फहदनेच केली. लेबल लावण्याआधी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, “उस्ताद, नाव बघा. नीट बघून सांगा.”

मी डबा बाजूला ठेवला, चष्मा लावला, एकेक अक्षर बघितलं. बरोबर होतं.

मग त्याने खण उघडला आणि एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. माझी चिठ्ठी. माझं झोकदार ‘पाटील’. ‘ट’च्या डोक्यावरच्या तोयभोवती लाल पेनाने गोल केलेला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. अबू सालेहपुढे उभा होता तेव्हाही ही चिठ्ठी त्याच्या खणात होती. नुसती दाखवली असती तरी तो सुटला असता.

मी विचारलं, “का नाही दाखवलीस?”

तो म्हणाला, “तुम्ही गेला असतात तर बाईंची फाइल कोणी पुरी केली असती? मला तेव्हा येत नव्हती.” मग, अगदी साधेपणाने, “आणि मला इकामा लागत नाही, उस्ताद.”

आता गावी येऊन मला काही वर्षं झाली. ओसरीवर बसून हे लिहितोय, टाइप करून, अक्षर कोणाला दाखवायची हौस फिटली. चिठ्ठी समोर आहे. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ज्याला हा अंक पोचावा असं वाटलं ते घर एकच.

डॉक्टर, तुम्ही अजून खोबरला आहात आणि दिवाळी अंक अजून गावाहून मागवता, हे मला माहीत आहे. ते तीन आठवडे तुम्ही रोज विचारत होतात आणि मी रोज सांगत होतो, फाइल वर गेलीय. ती वर नव्हती. ती तळघरात होती, चिरायच्या कपाटात, माझ्या सुंदर अक्षरामुळे. आणि ज्या माणसाने ते स्वतःवर घेतलं, तो त्या दिवशी तुमच्या पाठीमागे मान खाली घालून बसला होता. त्याला पेढा द्यायचं आपल्या कोणाला सुचलं नाही. मी चार खाल्ले.